तिसऱ्या लेनचा डोळा

माझी आई आमच्या बिल्डिंगमध्ये सांगते की मी डोळे तपासते. तिचाही दोष नाही. घरी बसून मी फोनवर जे बोलते ते तिच्या कानावर पडतं, आणि ते साधारण असं असतं : "तिघांचा छान उघडलाय, चौथ्याचा अर्धाच उघडतोय." आमच्याच मजल्यावरचे एक काका एकदा मोतीबिंदूचे कागद घेऊन आले. मी ते चष्मा सरसावून वाचले आणि "करून टाका ऑपरेशन, घाबरू नका," असं सांगितलं. त्यांनी केलं. आता त्यांना पार शिरगावच्या नाक्यापर्यंत दिसतं आणि जिन्यात भेटले की मला नमस्कार करतात. खरं सांगायची वेळ केव्हाच निघून गेली आहे.

खरं असं की मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. आम्ही कॅमेऱ्यांचे सर्किट बोर्ड बनवतो. औषधाच्या कंपनीत गोळ्या पट्ट्यावरून धावत असतात, वर कॅमेरा टक लावून बसलेला असतो, आणि तुटकी गोळी दिसली की ती बाजूला काढायची असते. कॅमेऱ्याचं चित्र आमच्या बोर्डावरून केबलमधून पलीकडच्या कॉम्प्युटरला जातं. चित्र मोठं आणि वेळ नाहीच, म्हणून ते चार वाटांनी एकदम पाठवतात. त्या वाटांना आम्ही लेन म्हणतो. बोर्डावर जो पाठवणारा बसलेला असतो तो ट्रान्समीटर. त्याने कसं बोलावं म्हणजे पलीकडच्याला नीट कळेल, हे ठरवायचं काम माझं.

लोकांना वाटतं, ऐकू येत नाही तर आवाज वाढवा. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. पण आवाज फार वाढवला की शेजारच्या लेनची झोपमोड होते आणि चौघी मिळून कोलाहल करतात. खरी युक्ती जोर कुठे द्यायचा यात असते. शेअर रिक्षावाला विठ्ठलवाडीची सवारी बोलावतो तेव्हा 'वि' वर असा काही घाव घालतो की पुढचं 'ठ्ठलवाडी' त्याने गिळलं तरी चालतं. ट्रान्समीटरचंही तसंच. शून्यावरून एकावर, एकावरून शून्यावर, जिथे जिथे बदल होतो तिथे जरा ठासून बोलायचं, आणि तेच तेच चालू असेल तेव्हा आवाज उतरवायचा. किती ठासायचं आणि किती उतरवायचं याचे आकडे कॉम्प्युटरवरून भरता येतात. हे आकडे हलवत मी दिवसाचे आठ तास बसते, आणि त्याचा मला पगार मिळतो.

बरोबर जमलं की नाही ते स्कोपवर, म्हणजे सिग्नलचं चित्र काढणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, दिसतं. केबलच्या दुसऱ्या टोकाला स्कोप लावला की तो लाखो शून्य-एक एकावर एक ठेवून काढतो. सगळे शिस्तीत आले असतील तर मधे बदामासारखी रिकामी जागा राहते. तोच डोळा. डोळा उघडा तर माल चांगला, डोळा मिटला तर पलीकडच्या कॉम्प्युटरला शेवयांची खीर दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं ती. ती सांगताना मी फार चांगली दिसणार नाही, हे आधीच कबूल करते. माझा एक स्वभाव आहे. काही बिघडलं की चूक कुणाची असेल अशी माझ्या डोक्यात लगेच यादी तयार होते, आणि त्या यादीत माझं नाव नसतं.

त्या वर्षी नव्या बोर्डाचा पहिला नग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तयार झाला. पहिलाच आणि एकुलता एक. बाकीच्यांच्या चिप यायच्या होत्या. त्याची केबल आमच्या मावशींनी केली होती. मावशी बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून येतात. घरी भातशेती, आणि कारखान्यात खिडकीशी केबलचं टेबल. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून त्या टेबलाशी दुसरं कुणी बसलेलं नाही. केसाएवढ्या तारांच्या जोड्या त्या भिंगाखाली अशा जोडतात की बाहेरून शिकून आलेली आमची माणसं मागे उभं राहून बघतात. पक्कड स्वतःची, चिमटा स्वतःचा, आणि ते दुसऱ्या कुणी हातात घेतलेलं त्यांना खपत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सेठ उल्हासनगरचे. घरी सिंधी, बाजारात हिंदी, आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून, आणि रागावले की तिन्ही. पण पूजेच्या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नाहीत. ड्रिल मशीनपासून पाण्याच्या कूलरपर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार. मी आल्यावर त्यात एक सुधारणा केली होती. टेस्टिंगच्या दारावर माझ्या अक्षरातली पाटी होती : 'यंत्रांना हळदकुंकू लावू नये. कागदाला लावून कागद चिकटवावा.' या पाटीचा मला अभिमान होता. एकदा सेठ स्कोपच्या पडद्याला ओलं कुंकू लावायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला होता, हे मी आल्यागेल्याला सांगायची.

तर अशी मी, पाटीवाली. पूजा झाली, नारळ फुटला, सगळे पेढ्याची वाट बघत उभे होते, आणि माझ्या अंगात आलं. नवा बोर्ड टेबलावर होता, केबल शेजारी गुंडाळून ठेवली होती, दोघांची अजून गाठ पडली नव्हती. मी म्हणाले, "असं कसं, मुहूर्त आहे, यांचं लग्न लावून टाकू!"

झालं. बोर्ड नवरा, केबल नवरी. स्टोअरमधल्या दोघींनी बोर्ड ठेवायची चंदेरी पिशवी दोन्हीकडून धरली, तो अंतरपाट. मंगलाष्टकं मीच रचली आणि मीच म्हटली. चारी लेन सुखे नांदोत, सासरी नाव काढोत, असलं काहीतरी. पूजेच्या ताटात कुंकवात भिजवलेले तांदूळ होते, ते सगळ्यांना मूठ मूठ वाटले. मावशींना द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"मी नाय टाकनार. केबल मी केली, म्हंजी मी पोरीची आई. पोरीच्या आयनं लगीन बघाचा नसतो."

आणि खरंच त्या बाहेर गेल्या. आमच्या दाराशी केमिकलच्या रिकाम्या कॅनमध्ये तुळस लावलेली आहे, तिथे आमच्याकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या. वर वाटीने तुळशीला पाणी घातलं. सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसले. मग 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि मी केबलचं टोक बोर्डाच्या सॉकेटमध्ये घातलं. जाताना ते जरा अडलं. "नवरी लाजतेय," मी म्हणाले आणि अंगठ्याने जोर दिला. टक झालं. टाळ्या पडल्या. सेठनी पेढा माझ्या हातावर ठेवत म्हटलं, "मॅडम, बीस दिन में कस्टमर आयेगा. आँख खुलनी चाहिए."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्कोप लावला. पहिली लेन टपोरी. दुसरी टपोरी. चौथीही. तिसरीचा डोळा आलेला असावा तसा, चिपडलेला आणि अर्धवट.

मला पहिल्यांदा आनंदच झाला. सगळं आयतं चाललं असतं तर माझी काय किंमत राहिली असती? मी बाह्या सरसावल्या. तिसरीचा आवाज वाढवला. डोळा मोठा झाला पण कडा फाटल्या. बदलावरचा जोर वाढवला, जरा बरं वाटलं. अजून वाढवला, शेजारची दुसरी कुरकुरायला लागली. मग दुसरीला समजवा, तिला समजावलं की चौथी रुसते. सात दिवस मी आकडे भरत होते. वहीत तक्ते, तक्त्यांवर रंग. शेवटी तिसरी लेन इतकी ठासून बोलायला लागली की डोळा जेमतेम पास होण्याइतका उघडला, आणि अर्ध्या तासाने बोर्ड तापला की पुन्हा मिटला.

सेठ रोज सकाळी दारातून डोकं आत घालून विचारत, "खुली क्या?" आठव्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी वैतागून म्हणाले, "माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. खराबी केबलमध्ये आहे."

मी केबल काढून एकटी तपासली होती का? नाही. दुसरी केबल लावून बघितली होती का? नाही. पण बोर्ड महागाचा, यंत्रावर छापून आलेला, आणि केबल हाताने केलेली, तीही कधी शाळेचं तोंड फारसं न बघितलेल्या बाईने. यादीत पहिलं नाव कुणाचं येणार हे मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

मावशी त्यांचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आल्या. "खंय चुकली ती दाखव मना."

मी त्यांना आत नेऊन पडदा दाखवला. डोळा म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी भिंग लावून बघतात तसं डोकं वाकडं करून खूप वेळ बघितलं. मग गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नवी केबल करून आणली. ती लावली. जाताना जरा अडली, मी अंगठ्याने दाबली. तिसरी लेन तशीच.

चहाला मी म्हणाले, "हात तोच, चूक तीच." लोक हसले. वाक्य मला स्वतःलाही आवडलं, म्हणून मी ते स्टोअरमध्ये जाऊन पुन्हा एकदा म्हटलं.

त्या संध्याकाळी सेठनी ठरवून टाकलं. उल्हासनगरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे तयार केबल मिळतात, त्याच्याकडून मागवायच्या. दिवाळीनंतर केबलचं टेबल बंद. मावशींना पॅकिंगला घ्यायचं. सेठ वाईट माणूस नाहीत, त्यांनी हे खुर्ची पुढे करून, "मौसी, बैठो," म्हणून सांगितलं. मावशी बसल्या नाहीत.

"पॅकिंगला मी नाय जानार," त्या म्हणाल्या. "माजा काम गेला तर मी घरी जाते. पन चुकून गेला असा नाय बोलाचा कुनी."

मला तेव्हा थोडं वाईट वाटलं. थोडंच. काम म्हणजे काम, असं मी स्वतःला सांगितलं, आणि रिक्षात बसेपर्यंत ते मला पटलंही.

शुक्रवारी कस्टमरचा माणूस यायचा होता. बुधवारी व्यापाऱ्याकडून नमुन्याची केबल आली, चकचकीत, प्लास्टिकच्या पिशवीत. ती सेठच्या टेबलावर पडून होती. मी गुरुवारी लावणार होते; घाई कसली, चालणारच होती ती. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मावशी ती पिशवी हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही लाव."

"लावते हो उद्या."

"आता लाव. माज्या डोल्यादेखत."

लावली. अडली, दाबली. पडदा बघितला. पहिली टपोरी, दुसरी टपोरी, चौथी टपोरी. तिसरी तशीच, चिपडलेली.

मी काही बोलायच्या आधी त्याच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. "एका घरात तीन सुना आल्या. तिगी नांदल्या नाय. आता सुनंला काय इचारतंस? सासर बग." आणि त्या डबा खायला हात धुवायला गेल्या.

मी उठले. मग टॉर्च घेतला, केबल काढली आणि बोर्डाच्या सॉकेटमध्ये उजेड टाकला. इतक्या दिवसांत हे मी केलं नव्हतं, हे लिहितानाही कान गरम होतात. आत, तिसऱ्या लेनच्या अगदी कोपऱ्यात, लाल काहीतरी होतं. चिमट्याने काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवाचा, अर्धा मोडलेला.

त्या कणीमुळे तो कोपरा कधी पूर्ण बसतच नव्हता. बाकीच्या तीन लेन नीट टेकत होत्या, तिसरी जराशी उचललेली राहायची, आणि इतक्या वेगात तेवढीही फट पुरे होते. नवरी लाजत नव्हती. मीच तिच्या उंबऱ्यात धोंडा टाकला होता आणि वर तिला आत ढकलत होते, एकदा नाही, तीनदा.

केबल पुन्हा लावली. या वेळी अडली नाही. माझे आकडे तसेच होते, त्यामुळे तिसरी लेन आता कान फुटतील अशी ओरडत होती, जवळ येऊन बसलेल्याशी आपण बहिऱ्याशी बोलावं तशी. सात दिवसांची मेहनत एका बटणाने पुसली आणि चिप बनवणाऱ्यांकडून चिपबरोबर येतात ते साधे आकडे घातले. चारही डोळे उघडले. इतके सुंदर की मी दोन मिनिटं नुसती बघत होते.

आणि तेवढ्यात सेठ आले. त्यांनी पडदा बघितला, बोर्डाला लावलेली चकचकीत केबल बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देखा! बाजार की केबल लगाई, खुल गई! मी बोललो होतो ना, मॅडम?"

कणी माझ्या मुठीत होती. मला फक्त गप्प राहायचं होतं. काही खोटं बोलायचंही नव्हतं. आणि मी गप्प राहिले. सेठ तिथेच फोन काढून व्यापाऱ्याशी सिंधीत बोलायला लागले, हसत, हात हलवत. मावशी हात पुसत दारात आल्या होत्या. त्यांना सिंधी कळत नाही, पण पडदा कळत होता. मीच शिकवला होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, केबलकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाच मिनिटांपूर्वी हीच केबल चालत नव्हती हे या खोलीत दोघींनाच माहीत होतं. त्या थांबल्या, मी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. मग त्या आपल्या टेबलाकडे गेल्या आणि पक्कड, चिमटा, भिंग एकेक करून कापडी पिशवीत भरायला लागल्या.

मी डबा उघडला. आईने नेमका मसालेभात दिला होता. इतके तांदूळ मी आयुष्यात कधी एका ठिकाणी बघितले नव्हते. डबा बंद केला आणि टेबलाखाली सरकवला. मग सुट्टीभर मी एकच हिशोब करत राहिले : मी बोलले तर काय होईल? हसतील. पाटीवाली बाई म्हणून वर्षभर चिडवतील. सेठ ओरडतील, तिन्ही भाषांत. बस. आणि नाही बोलले तर खिडकीशी ते टेबल रिकामं. एवढं सोपं गणित असूनही मला उत्तर लिहायला चार वाजेपर्यंतचा वेळ लागला. मला माझी लाज वाटते ती त्या चार वाजेपर्यंतच्या वेळाची. कणीची एवढी वाटत नाही.

चार वाजता चहा आला. जिथे उभं राहून मी 'हात तोच' म्हटलं होतं, बरोबर तिथे जाऊन उभी राहिले. प्रसादाच्या द्रोणात ती कणी ठेवली होती, तो द्रोण सेठच्या पुढे धरला.

"ये क्या है?"

"लग्नातली अक्षता," मी म्हणाले. "सॉकेटमध्ये होती. लग्न मी लावलं, तांदूळ मी वाटले, केबल दाबून मी बसवली. मावशींच्या दोन्ही केबल चांगल्या होत्या. तुमच्या बाजारच्या केबलचाही दुपारी डोळा मिटलेलाच होता, कणी काढल्यावर उघडला. मी तेव्हा गप्प बसले. हात तोच, चूक तीच, हे वाक्य परत घेते. म्हणजे वाक्य बरोबर आहे, हात माझा होता."

कुणी हसलं नाही. ते फार कठीण गेलं. हसले असते तर सुटले असते. सेठनी द्रोण नाकाजवळ नेऊन बघितला, माझ्याकडे बघितलं, दारावरच्या पाटीकडे बघितलं, आणि मग जे सुरू झालं ते खरोखर तिन्ही भाषांत होतं. संपल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, व्यापाऱ्याला लावला, आणि ऑर्डर थांबवायला सांगितली. "मौसी," ते म्हणाले, "पिशवी रिकामी करा."

मावशी उठल्या नाहीत. "तो दाना हिकरं आन," त्या मला म्हणाल्या.

मी द्रोण नेला. त्यांनी कणी तळहातावर घेतली, भिंगाखाली धरली आणि नखाने कुंकू खरवडलं.

"आमच्या शेतावरचा हाय," त्या म्हणाल्या. "पूजेला मीच आनते दरसाल. येकेक दाना निवडून आनते, मोडका नाय चालत देवाला. ह्यो पन अख्खा होता. तू दाबून मोडलास." मग तो माझ्यापुढे धरून, "केबल माजी, तांदूल माजं, चूक तेवढी तुजी होती, ती बी माज्याच पदरात घातलीस."

"चुकले, मावशी."

"लग्नात तांदूल समद्यांनी टाकलं. मी येकटी पाठ करून हुबी होते. आन पोर नांदली नाय तवा बोल कुनाला लावला? पोरीच्या आयला." त्यांनी कणी परत द्रोणात ठेवली. "असाच अस्ताय. तुजा काय नवा नाय."

मी रडले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. मावशींनी त्यांचा चहा माझ्या हातात दिला. तो गार झाला होता.

शुक्रवारी कस्टमरचा माणूस आला, चारही डोळे बघून खूष झाला. कागदावर एक रकाना होता : आधीच्या बिघाडाचं कारण. मी लिहिलं होतं, तांदळाची कणी. सेठनी ते खोडून 'फॉरेन पार्टिकल' लिहायला लावलं. मावशी खिडकीशी बसून ऐकत होत्या. फॉरेन म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळतं. "फारेन कसला," त्या मान वर न करता म्हणाल्या, "बदलापूरचा हाय." कस्टमरच्या माणसाला ते समजलं नाही, पण सगळे हसले म्हणून तोही हसला.

शिक्षा सेठनी दिली नाही, मावशींनी दिली. रोज चहानंतर अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून केबल करायला शिकायचं. माझी पहिली केबल लावली तेव्हा चारही डोळे मिटले. दुसरीचे दोन उघडले. मावशी स्कोपसमोर खुर्ची घेऊन बसायच्या आणि सेठसारखं डोकं हलवत विचारायच्या, "खुली क्या?" त्यांचा चिमटा मला अजून हातात मिळालेला नाही. मला वेगळा आणून दिलाय, लाल दोरा बांधून, चुकून उचलला जाऊ नये म्हणून.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा एक नवा बोर्ड होता. त्याची केबल मी केली होती, पहिली पास झालेली. पूजा झाली, आणि स्टोअरमधल्या दोघींनी न सांगता चंदेरी पिशवी उघडून धरली. माझ्या पाटीखाली नवी ओळ होती, 'अक्षता टाकू नयेत', तरी कुणाच्या तरी हातात ताट दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं तर मावशींनी माझा दंड धरला.

"तू भायेर चल. केबल तुजी, तर पोरीची आई तू."

त्यांनी मला तुळशीपाशी नेऊन दाराकडे पाठ करून उभं केलं आणि हातात पाण्याची वाटी दिली. "वलून बगाचा नाय," असं बजावून त्या आत गेल्या. आतून मंगलाष्टकं ऐकू यायला लागली, या वेळी कुणी दुसरंच म्हणत होतं, माझ्यावरच रचलेली. लोक हसत होते. काय टाकताहेत, फुलं की तांदूळ, सॉकेटवर कुणी हात ठेवलाय की नाही, मला काही दिसत नव्हतं. तीन आठवडे भिंगाखाली डोळे फोडून केलेल्या त्या तारा आत कुणाच्या तरी हातात होत्या. 'सावधान' झालं तेव्हा वाटीतलं अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं.

मी वळून बघितलं नाही. आत टक असा आवाज झाला, टाळ्या पडल्या, आणि दारातून मावशींनी विचारलं, "कसा वाटतंय गो?"

मी तुळशीला पाणी घालत राहिले.